रोड फायटर रिमोटच्या गाड्यांवर खेळायचाय: इंधन, धडक आणि तेलाचा डाग कसा जमवायचा?

लातूर_कॅसेट

मंडळी नमस्कार. तालुक्याच्या गावी शाळेच्या उन्हाळी शिबिरात पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी खेळ मांडायचाय. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममधला रोड फायटर सगळ्यांनी खेळलेला असणारच. कोनामीचा खेळ, आर्केडवर १९८४ आणि फॅमिकॉमवर १९८५ साली आलेला. वरून दिसणारा रस्ता, एका बटणाला मध्यम वेग, दुसऱ्याला ४०० पर्यंत, बाजूला उतरत जाणारं इंधन, वाटेत आडव्या येणाऱ्या गाड्या, तेलाचे डाग, आणि रंगीबेरंगी गाडी पकडली की वाढणारं इंधन. हे सगळं पडद्यावर न ठेवता जमिनीवर, खऱ्या रिमोटच्या गाडीवर आणायचंय.

हॉल ३५ बाय २० फूट, खाली शहाबादी फरशी. मल्टीमीटर, सोल्डर गन आहे, आर्डुइनोवर प्रोग्राम चढवता येतो. अडलंय ते असं:

गाडी कोणती घ्यावी? महागडी हॉबी गाडी की खेळण्यातली?
जुनी नऊ पिनांची जॉयस्टिक तीच वापरता येईल का? मुलांच्या हातात तीच द्यायची इच्छा आहे.
इंधन भरलं, धडक बसली, तेलावरून गेलो, हे गाडीला कळणार कसं?
समोरच्या ट्रॅफिकच्या गाड्या कोण चालवणार?

---

जालना_चाकं

सर, आधी ट्रॅक आणि नियम पक्के करा, गाडी त्यावरून ठरते.

ट्रॅकसाठी फ्लेक्स छापून घ्या. फ्लेक्सचा रोल १० फूट रुंदीत मिळतो, म्हणून १० बाय २० फुटांचा एकच तुकडा, बिनजोडाचा. त्यावर लंबगोल रस्ता काढा, रुंदी अडीच फूट. रस्त्याची मधली रेघ कडेपासून ४० सेंमी आत ठेवली तर एका फेरीचं अंतर साधारण १३ मीटर भरतं आणि वळणाची त्रिज्या सव्वा मीटरच्या आत राहते. लहान गाडीला ती आरामात पुरते.

छपाईवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: रस्त्याचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा हवा. निळा, गुलाबी, पिवळा मिसळून केलेला काळा डोळ्याला काळाच दिसतो, पण इन्फ्रारेड सेन्सरला तो पांढऱ्यासारखा परत उजेड देतो आणि पुढचं सगळं गणित कोलमडतं. पूर्ण बॅनर छापण्याआधी हातभर तुकडा छापून त्यावर सेन्सर धरून बघा.

काळ्या रस्त्यावर दोन्ही लेनच्या मधोमध प्रत्येकी एक, २ सेंमी जाडीची सलग पांढरी रेघ काढा, या रेघा ट्रॅफिकच्या गाड्यांसाठी. सुरुवातीच्या जागी रस्त्याच्या पूर्ण रुंदीभर तीन आडवे पांढरे पट्टे, प्रत्येकी ४ सेंमी, मधे ४ सेंमी काळं. हे फेरी मोजायला.

कडेला कठडा लागतो. सरळ बाजूंना तुषार सिंचनाचे एचडीपीई पाइप ठेवा. ते ६ मीटर लांबीचे येतात, म्हणजे फ्लेक्सच्या लांबीला जवळपास बरोबर. वळणावर ते वाकत नाहीत, तिथे ठिबकची १६ मिमी नळी तीन-तीन पदरी बांधून लावा. एकेरी नळीवरून चाक चढून जातं.

आता वेग. खेळातले ४०० किमी १:१८ मापाच्या गाडीला लावले तर सेकंदाला ६ मीटरच्या वर जातात, या ट्रॅकवर तो वेग निरर्थक आहे. जलद बटणाला दीड मीटर प्रति सेकंद, मध्यम बटणाला ०.८ मीटर एवढाच ठेवा आणि मीटरवर आकडा ४०० दाखवा. खाली बसून बघणाऱ्या मुलाला दीड मीटरसुद्धा सुसाट वाटतो.

याच कारणाने हॉबी ग्रेडची गाडी नको. तिची मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ताशी २५-३० किमीसाठी असतात. आपल्याला लागणारे ५ किमी म्हणजे थ्रॉटलचा अगदी तळचा भाग, तिथे गाडी धक्के देत चालते आणि वेग नेमका धरता येत नाही. खेळण्यातली १:१६ किंवा १:१४ ची जमिनीलगतची रेसिंग गाडी घ्या, मॉन्स्टर ट्रक नको. आतलं मूळ बोर्ड काढून टाका, मागची मोटर तीच ठेवा. पुढची स्टिअरिंगची मोटर मात्र बदला: ती फक्त पूर्ण डावं नाहीतर पूर्ण उजवं एवढंच जाणते. तिथे एमजी-९० सर्व्हो (सांगू त्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर) बसवा. सर्व्होशिवाय तेलावर घसरण्याचा भाग करताच येत नाही, म्हणून इथे काटकसर करू नका.

मोटरसाठी डीआरव्ही-८८७१ ड्रायव्हर पुरतो. एल-२९८ टाळा, तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो आणि तापतो.

आणि नियम. इंधन वेळेवर जाळा, अंतरावर किंवा वेगावर नाही. रोड फायटरचा सगळा ताण इथेच आहे: सावकाश गेलात तर टाकी आधी संपते, जोरात गेलात तर कुणावर तरी आदळता. दर सेकंदाला १ एकक, टाकी ७५ ची, शर्यत ६ फेऱ्यांची धरा. मध्यम वेगाने एक फेरी १६ सेकंदांची, सहा फेऱ्यांना ९६ लागतील, म्हणजे नुसत्या मध्यम बटणावर कुणीच पोचत नाही. जलद बटणावर वळणं धरून फेरीला ११ सेकंद, एकूण ६६. हातात उरतात ९. एका धडकेला ५ कापा, इंधनाच्या ठिपक्याला ५ द्या. दोन धडका बसल्या की ठिपका गाठल्याशिवाय गत्यंतर नाही. आठवीतल्या मुलांना सोपं पडायला लागलं तर टाकी ७० करा, बाकी काही हलवू नका.

---

नांदेड_सोल्डर

जॉयस्टिकचं मी सांगते. वापरता येते, आणि तीच वापरा. त्या दोन बटणांवरच हा खेळ उभा आहे.

जॉयस्टिक उघडली की हिरव्या पट्टीवर काळा डांबरासारखा थेंब दिसेल, चिप त्याखाली असते. बाहेर पाच वायरी येतात: व्होल्टेज, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. बऱ्याच क्लोनमध्ये नऊ पिनांपैकी २ डेटा, ३ लॅच, ४ क्लॉक, ६ व्होल्टेज आणि ८ ग्राउंड असतो, पण मल्टीमीटरच्या बीपवर खात्री करूनच जोडा. ग्राउंड ओळखायला सोपा: सगळ्या बटणांच्या काळ्या कार्बन ठिपक्यांची एक बाजू ज्या जाड रेघेला मिळते ती. ते ठिपके ब्लेडने खरवडू नका, कार्बन निघून जातो. कापसाला आयसोप्रोपिल लावून पुसा.

टर्बोची बटणं असतील तर त्यांच्या रबराखाली कागदी टेप चिकटवून ती बंद करा. टर्बो म्हणजे तेच बटण सेकंदाला कित्येकदा दाबल्या-सोडल्यासारखं. पडद्यावर चालतं, पण खऱ्या मोटरला त्याने हिसके बसतात आणि गिअरचे दात झिजतात.

जॉयस्टिकची जोडणी एका पेटीत बसवलेल्या ईएसपी-३२ ला (वायफाय असलेलं, आर्डुइनोसारखं छोटं बोर्ड) करा; तसंच दुसरं गाडीत. जॉयस्टिकला ३.३ व्होल्टच द्या. बहुतेक चिपा त्यावर चालतात, आणि डेटाची वायर ईएसपीला झेपेल तेवढीच राहते. वाचायची पद्धत: लॅचला १२ मायक्रोसेकंदांचा पल्स, मग डेटा वाचा, मग क्लॉकचा एक पल्स, पुन्हा वाचा, असं आठ वेळा. क्रम ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. पहिलं बटण लॅचनंतर लगेच हजर असतं. आधी क्लॉक देऊन मग वाचलं तर ए गायब होतं आणि बाकी सगळी बटणं एक घर सरकतात. "ए चालत नाही, बी दाबलं की ए लागतं" असं दिसलं की हेच झालेलं असतं, जॉयस्टिक बिघडलेली नसते.

आणखी एक, सुरक्षेचं. दाबलेलं बटण ० येतं. म्हणून डेटाच्या पिनेला पुल-अप द्या, म्हणजे रेझिस्टरने ती ३.३ व्होल्टला ओढून ठेवा. पुल-डाउन दिलं आणि मुलाच्या ओढाताणीत वायर निसटली, तर ईएसपीला सगळी बटणं एकदम दाबलेली दिसतील आणि गाडी पूर्ण वेगात भिंतीकडे जाईल.

डावं-उजवं हे बटण आहे, स्टिअरिंग नाही. बटण दाबताच सर्व्हो थेट टोकाला नेलात तर गाडी नागमोडी पळते. सर्व्होचा मध्य १५०० मायक्रोसेकंद धरून, दाबल्यावर १२० मिलिसेकंदांत हळूहळू ३०० ने सरकवा आणि सोडल्यावर ८० मध्ये परत आणा. परत येणं जरा जलद ठेवलं की हाताला बरं लागतं. एवढ्या बदलानेच मुलं पहिल्या फेरीत ट्रॅकवर टिकायला लागतात.

पेटीतल्या ईएसपीकडून गाडीतल्या ईएसपीकडे ईएसपी-नाऊने (राउटरशिवाय दोन ईएसपींनी थेट बोलायची पद्धत) बोला, सेकंदाला ५० वेळा. गाडीचा मॅक पत्ता देऊन पाठवा, सगळ्यांना उद्देशून पाठवू नका. पत्त्यावर पाठवलं की पोचपावती येते, सर्वांसाठी पाठवलेल्याला येत नाही. गाडीला २५० मिलिसेकंद काहीच मिळालं नाही तर मोटर बंद, हा नियम गाडीतच लिहा.

इंधनाचा हिशोब पेटीत ठेवा. गाडीने फक्त कळवायचं: अमुक कार्डावरून गेले, धडक बसली, फेरी झाली. प्रत्येक निरोपाला क्रमांक द्या आणि तो तीनदा पाठवा, पेटी दुसऱ्यांदा आलेला क्रमांक सोडून देईल. हिशोब गाडीत ठेवला आणि व्होल्टेज पडून गाडीचा ईएसपी रीसेट झाला, तर मुलाला भरलेली टाकी फुकट मिळते. मग बाकीची पोरं भांडायला उठतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

इंटरनेटवरची जुनी उदाहरणं घेणार असाल तर ध्यानात ठेवा: आर्डुइनोच्या ईएसपी-३२ बोर्ड पॅकेजमध्ये आवृत्ती ३ पासून ईएसपी-नाऊचं निरोप घेणारं फंक्शन आणि पीडब्ल्यूएमची (वीज झटपट चालू-बंद करून मोटरचा वेग ठरवण्याची) फंक्शनं दोन्ही बदलली. एरर आली की आधी आवृत्ती बघा.

---

पैठणगेट_टॅग

इंधनाचे ठिपके आणि तेलाचे डाग यासाठी आरएफआयडी (स्पर्श न करता रेडिओ लहरींनी कार्ड ओळखायची पद्धत) घ्या. आरसी-५२२ रीडर गाडीच्या पोटाखाली, आणि फ्लेक्सच्या खाली हजेरीला वापरतात तशी पांढरी १३.५६ मेगाहर्ट्झची कार्डं. फ्लेक्स प्लास्टिकचा, त्यातून आरपार वाचतं; खालच्या शहाबादी दगडाचाही अडथळा येत नाही. लोखंडी सांगाड्याच्या स्टेजवर मांडू नका, तिथे वाचन निम्म्यावर येतं किंवा येतच नाही.

इथे खरी अडचण वेगाची आहे. कार्ड साडेआठ सेंमी लांब. लांब बाजू गाडीच्या दिशेने ठेवली तर रीडर साधारण ८ सेंमी त्याच्यावर असतो. दीड मीटरच्या वेगाला हे अंतर ५३ मिलिसेकंदांत संपतं. आणि रीडरच्या नेहमीच्या लायब्ररीत, कार्ड नसेल तर २५ मिलिसेकंद वाट बघायची असं ठरवलेलं असतं. त्यात सिरियलवर काही छापत बसलात, एलईडीची पट्टी रंगवत बसलात, की एक चक्कर ४०-५० वर जाते आणि कार्ड निसटतं. लोक मग रीडर खराब म्हणून बदलत बसतात.

उपाय लायब्ररीतच आहे. टायमरचं रीलोड मूल्य १००० असतं, ते २०० करा: २५ चे ५ मिलिसेकंद होतात. कार्ड तसंही एका मिलिसेकंदाच्या आत हाकेला ओ देतं. अँटेनाचा गेन कमाल करा. कार्डातला मजकूर वाचू नका, फक्त त्याचा क्रमांक घ्या. कुठला क्रमांक म्हणजे काय ते पेटीतल्या तक्त्यात. तेच कार्ड तीन सेकंदांत पुन्हा दिसलं तर सोडून द्या.

गोल स्टिकर टॅग स्वस्त आणि पातळ असतात, पण २५ मिमीचा टॅग दीड मीटरच्या वेगाला २० मिलिसेकंदही मिळू देत नाही. कार्डच घ्या. चिकटवण्याआधी प्रत्येकावर मार्करने क्रमांक घाला आणि ट्रॅकचा नकाशा कागदावर काढा. फ्लेक्स एकदा अंथरला की कुठलं कार्ड कुठे ते समजायला मार्ग नसतो.

रीडर जमिनीपासून १० ते १२ मिमीवर, नायलॉनच्या स्पेसरवर. बॅटरी आणि मोटर त्याच्या बरोबर डोक्यावर नकोत, निदान सेंटीमीटरभर अंतर ठेवा. रीडरला ३.३ व्होल्टच, ५ दिले की गेला. रीडर ते ईएसपी या एसपीआयच्या वायरी १० सेंमीपेक्षा लांब नकोत. सोबत येणाऱ्या उभ्या पिना लावू नका, त्या फ्लेक्सला घासतात. वायरी थेट सोल्डर करा. संभाजीनगरात असाल तर पैठण गेटच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडून बारीक इनॅमल वायर मागून घ्या, ती या कामाला उत्तम.

तेलाच्या कार्डावरून गेलं की ०.७ सेकंद सर्व्होमध्ये २०० मायक्रोसेकंद एका बाजूला मिसळा, म्हणजे साधारण १८ अंश. बाजू डावी की उजवी ते यादृच्छिक. खेळणाऱ्याचं स्टिअरिंग बंद करू नका! मूळ खेळात घसरलेली गाडी उलट दिशेला वळवून सावरता येते, ते कौशल्य इथे जसंच्या तसं उतरतं. मुलाचा अंगठा आपोआप उलट बाजूला जातो, कुणी सांगावं लागत नाही.

कार्ड रस्त्याच्या रुंदीत एक-दशांशाहूनही कमी जागा घेतं, त्यामुळे इंधन नेम धरूनच मिळवावं लागतं. ते तसंच राहू द्या. पण फेरी मोजायला कार्ड वापरू नका. पूर्ण रुंदी झाकायला ओळीने कार्डं लावावी लागतात, दोन कार्डं एकदम रीडरखाली आली की वाचन अडखळतं. त्यासाठीच वर सांगितलेले तीन पांढरे पट्टे. गाडीखाली टीसीआरटी-५००० सेन्सर (इन्फ्रारेड उजेडाने काळं-पांढरं ओळखणारा), जमिनीपासून ३ ते ५ मिमी, किंचित तिरका, म्हणजे फ्लेक्सची चकाकी थेट आत येत नाही. ४०० मिलिसेकंदांत तीन वेळा पांढरं दिसलं तर फेरी. लेनची पांढरी रेघ ओलांडताना एकदाच पांढरं येतं, तिची गल्लत होत नाही. शिवाय ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला निदान एक ठिकाण तरी पार केल्याशिवाय फेरी धरू नका. नाहीतर हुशार पोरं सुरुवातीच्या पट्ट्यांवरच मागेपुढे करतील.

---

परभणी_पीडब्ल्यूएम

धडक ओळखायला एमपीयू-६०५०, म्हणजे झटका मोजणारा सेन्सर. रेंज ±८ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा झटका) ठेवा. दीड मीटरच्या वेगाने २ सेंमी फोमच्या बंपरवर थांबलं तर सरासरी झटका साडेपाच जीच्या पुढे जातो, ±४ मध्ये तो कापला जाईल. उंबरा दीड जी. कारण सोपं आहे: रबरी टायर फ्लेक्सवर कितीही जोरात ब्रेक लावला तरी एक जीच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे दीडच्या वर जे काही येईल ते बाहेरून आलेलं.

फक्त पुढे-मागे आणि आडवा अक्ष धरा, उभा अक्ष फेकून द्या. शहाबादीचे सांधे फ्लेक्सखालूनही लागतात आणि प्रत्येक सांध्याला उभा झटका येतो. सेन्सर फोमच्या दुहेरी टेपने चिकटवू नका, टेपच झटका पिऊन टाकते. स्क्रूने चॅसिसला आवळा. एका धडकेनंतर दीड सेकंद मोटर मोकळी सोडा आणि दोन सेकंद नवी धडक मोजू नका. कठड्याला टेकलेली गाडी थरथरत असते, तिला चार-चार दंड लागतात.

ट्रॅफिकच्या गाड्यांसाठी माणूस नको, साधे लाइन फॉलोअर करा. पिवळी बीओ मोटर १५० आरपीएमची आणि ६५ मिमीचं चाक घेतलं की वेग सेकंदाला अर्धा मीटर येतो, अगदी हवा तेवढा. दोन टीसीआरटी पांढऱ्या रेघेच्या दोन्ही अंगांना. दोन्ही काळ्यावर असतील तर सरळ. डाव्याला पांढरं दिसलं तर डावीकडे, उजव्याला दिसलं तर उजवीकडे. दोन्हींना पांढरं दिसलं तरी सरळच, कारण ते सुरुवातीचे पट्टे असतात. वरून थर्मोकोलचं खोकं, भोवती फोम. तीन गाड्या पुरेत, चौथीने रस्ता तुंबतो. एक गाडी रंगीबेरंगी करून तिच्या छतावर इंधनाचं कार्ड लावायचा मोह होईल, पण रीडर पोटाखाली असल्याने ते जमत नाही. इंधन जमिनीवरच ठेवा.

---

बीड_लेन्स

आरएफआयडी, पट्टे, एवढा खटाटोप कशाला? हॉलच्या छताला एक यूएसबी कॅमेरा लावा, गाड्यांच्या टपावर अरुको खुणा (कॅमेऱ्याला ओळखता येणारे काळे-पांढरे चौकोनी ठसे) चिकटवा, लॅपटॉपवर चित्र ओळखणारं ओपनसीव्ही. इंधन, तेल, फेरी सगळं चित्रातूनच कळेल. ट्रॅक बदलायचा तर फक्त लॅपटॉपवर ठिपके हलवायचे.

---

पैठणगेट_टॅग

@बीड_लेन्स, दादा, ट्रॅक बदलण्याची सोय तुमच्या पद्धतीत जास्त, हे खरंच. पण शाळेच्या हॉलचा उजेड आडवा येतो. सेकंदाला ३० चित्रं, गाडी दीड मीटरने, म्हणजे दोन चित्रांमधे गाडी ५ सेंमी पुढे. कमी उजेडात कॅमेरा एक्स्पोजर लांबवतो, तेवढंच चित्र फासलं जातं. १० सेंमीच्या अरुको खुणेचा एक चौकोन पावणेदोन सेंमीपेक्षा कमी, तो ५ सेंमी फासला की वाचणार काय? एक्स्पोजर १/२०० च्या खाली आणावं लागतं. मग उजेड कमी पडतो आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटचं लुकलुकणं चित्रात पट्ट्यांसारखं उतरतं. चांगल्या ड्रायव्हरचे दोन-तीन एलईडी फ्लड लावले तर जमेल. त्यात वीज गेली की खेळच थांबला. लातूरच्या सरांना उन्हाळ्यात मांडायचंय, म्हणून मी आरएफआयडीवर राहीन.

---

लातूर_कॅसेट

सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी आणि पेटीची जोडणी झाली, जॉयस्टिक व्यवस्थित वाचली जाते. तीन गोष्टी अडल्यात.

एक, गाडी सुटताना वळवली की ईएसपी रीसेट होतो. नुसती सरळ सोडली तर होत नाही.
दोन, इंधनाचा काटा टीव्हीवर दाखवायला पेटी वायफायने लॅपटॉपला जोडली की गाडी ऐकणं बंद करते.
तीन, बॅटरी उतरत गेली की फेरीला वेळ जास्त लागतो. मुलांना हे अन्यायाचं वाटेल.

---

नांदेड_सोल्डर

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण त्यात अर्धा-अर्धा दिवस जातो. ईएसपी-नाऊला दोन्ही टोकं एकाच चॅनलवर लागतात. पेटी राउटरला जोडली की ती राउटरच्या चॅनलवर जाते, गाडी जुन्याच चॅनलवर थांबते. राउटरचा चॅनल आपोआप ऐवजी कायमचा ६ किंवा ११ करून गाडीलाही तोच देता येईल. पण त्याहून सरळ म्हणजे पेटी यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडा आणि आकडे सिरियलवरून पाठवा. एक बिघाडाची जागा कमी, आणि वीज गेली तरी राउटरची काळजी नाही. लॅपटॉप नसेल तेव्हा पेटी पॉवर बँकवर लावणार असाल तर आधी तासभर चालवून बघा. बऱ्याच पॉवर बँका करंट फार कमी दिसला की मोबाइल भरला असं समजून स्वतःच बंद होतात.

---

परभणी_पीडब्ल्यूएम

पहिल्याचं कारण सर्व्हो. मोटर सुटते त्या क्षणी बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं, त्याच क्षणी सर्व्हो ५ व्होल्टच्या वाटेवर मोठा ओढा घेतो, आणि ईएसपी त्याच वाटेवर बसलेला असतो. सिरियलवर ब्राउनआउट (व्होल्टेज फार पडलं) असा शब्द दिसेल. सर्व्होला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं छोटं बोर्ड) द्या, ईएसपीला वेगळा. दोघांचा ग्राउंड मात्र एकच. ईएसपीच्या ५ व्होल्ट पिनेजवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर, मोटरच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक. तो मोटरच्या अंगालाच सोल्डर करायचा, बोर्डवर लावून उपयोग नाही. प्रोग्राममधून ब्राउनआउटची तपासणी बंद करायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. रीसेट थांबतो, पण मेमरी वेडीवाकडी वागायला लागते आणि मग दोष सापडत नाही.

तिसऱ्यासाठी बॅटरीचं व्होल्टेज मोजा आणि मोटरचा पीडब्ल्यूएम त्याच्या उलट प्रमाणात बदला. दोन सेलची बॅटरी भरलेली ८.४, खेळ थांबवायचा ७.० ला. पीडब्ल्यूएमला ७.० भागिले आत्ताचं व्होल्टेज याने गुणलं की गाडी पहिल्या मुलापासून शेवटच्यापर्यंत सारख्याच वेगाने जाते. मोजायला ३० किलोओहम आणि १० किलोओहमची विभागणी, म्हणजे ८.४ चे २.१ होतात. पिन ३२ ते ३९ मधलीच घ्या. ईएसपी-३२ चा दुसरा एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) वायफाय चालू असताना वाचता येत नाही, आणि ईएसपी-नाऊ म्हणजे वायफायच. व्होल्टेज मोटर चालू असताना खालीवर होतं, म्हणून सेकंदभराची सरासरी घ्या. नाहीतर थ्रॉटल आणि मोजणी एकमेकांच्या मागे लागून गाडी हेलकावे खाते.

---

जालना_चाकं

उन्हाळ्याचं राहिलं. पत्र्याच्या हॉलमधे दुपारी ४२ अंशांत गाडीच्या बंद बॉडीत मोटरशेजारी ग्लू गनचा गोंद मऊ पडतो. रीडर हळूच खाली झुकतो, फ्लेक्सला घासतो आणि कार्डं सुटायला लागतात. दोष प्रोग्राममधे शोधला जातो. सगळं नायलॉनच्या स्क्रूंवर घ्या आणि बॉडीला मागे दोन भोकं पाडा.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी असेल तर खेळून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, हाताला गार लागेपर्यंत थांबा. चार्जिंग पत्र्याखाली नको, कुणी शेजारी बसलेलं हवं. शिबिर संपल्यावर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. पूर्ण भरून कपाटात ठेवली की उन्हाळाभरात फुगते.

फ्लेक्सवर धूळ बसली की टायर घसरतात आणि धडका वाढतात. दर पाच-सहा शर्यतींनी टायर ओल्या फडक्याने पुसा, ट्रॅक कोरड्या फडक्याने. ट्रॅक ओला पुसला तर पाणी पाइपाच्या कडेला साचतं आणि तिथून टीसीआरटीला नको ती चकाकी मिळते.